गोन्सालो : नावाचे मूळ आणि नावाचे घर

वसई-विरारच्या महाविद्यालयांत मराठी शिकवताना आम्ही रोज हजेरी घेतो. पाटील, म्हात्रे, वर्तक यांच्या पाठोपाठ गोन्साल्विस, परेरा, डाबरे येतात. यांतल्या अनेक मुलांच्या घरी कादोडी बोलली जाते. तरीही बाहेरून आलेला एखादा अभ्यागत हटकून विचारतो, ‘नावे अशी परकी कशी?’ नावाचे मूळ जेथले, माणूसही तेथलाच, असे या प्रश्नामागचे गृहीत आहे. आम्हांला ते मान्य नाही.

‘गोन्सालो’ हेच नाव घ्या. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘गुंदिसाल्वुस’चे हे पोर्तुगीज रूप; त्यातील ‘गुंद’ हा जर्मानिक घटक युद्धवाचक आहे. ‘गोन्साल्विस’ म्हणजे गोन्सालोचा पुत्र. स्कॉटिश आडनावांत आरंभी येणारा ‘मॅक’ जे सांगतो, तेच येथे अंत्य प्रत्यय सांगतो. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात अशी नावे वसईत रुजली.

मात्र वसईत हे नाव उच्चारताच युद्ध आठवत नाही. आठवतात ते संत गोन्सालो गार्सिया. पिता पोर्तुगीज, माता वसईची. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले, जपानमध्ये दुभाष्याचे काम करू लागले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. युद्धवाचक नावाचा हा धनी निःशस्त्र मेला. व्युत्पत्तीने दिलेला अर्थ त्याच्या आयुष्याने पुसून टाकला.

स्कॉटलंडमध्ये ‘इयन’ हे अस्सल स्कॉटिश नाव समजले जाते. वास्तविक ते हिब्रू ‘योहानान’चेच गेलिक रूप, अर्थ, ‘ईश्वर कृपाळू आहे’. त्याच योहानाच्या सणाला गोव्यात ‘सांजाव’ म्हणतात. आपल्याकडे ‘चिटणीस’, ‘फडणीस’ यांतील ‘नीस’ फारसी ‘नवीस’पासून आला, ‘शहाजी’तील ‘शहा’ही फारसीच. त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. मग व्युत्पत्तीचा हा न्याय वसईच्याच वाट्याला का?

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू असल्यावरून काहींनी आक्षेप घेतला होता. तो आक्षेप नावाला नव्हता, हे खरे. पण माणसाचे मराठीपण त्याच्या लेखनाऐवजी अन्यत्र शोधण्याची खोड तीच. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ते संमेलन पार पडले. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांचे मराठी ग्रंथ आपल्यापाशी आहेत.

नावाचे मूळ कोशात सापडते. त्याचे घर मात्र ते नाव ज्या भाषेत हाकारले जाते, तिथे असते. गोन्सालोला वसईत चार शतके मराठी बोलींतून हाक मारली जात आहे. अभ्यागताने विचारलेल्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच.