घड्याळ तुमचं, टाइम कुणाचा?

ऑफिसच्या वेळेत तुम्ही सगळ्यात जास्त कुणाकडे बघता? बॉसकडे? समोरच्या डेस्ककडे? छे! स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या त्या टीचभर घड्याळाकडे! लंच किती लांब, कॉल कधी, शेवटची एसटी मिळणार का... सगळी उत्तरं तिथंच. तरीही दर आठवड्याला वॉलपेपर बदलणारे आपण त्या बिचाऱ्या घड्याळाला हात लावत नाही.

तर लिनक्सवाल्या मंडळींनो, हा वीकेंड घड्याळाचा. त्यातही नगरमध्ये घरी बसून अमेरिकेतल्या क्लायंटचं काम करणाऱ्यांचा (जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच!). तुमचा दिवस दोन घड्याळांवर चालतो. मग पॅनेलवर एकच का?

जुन्या लॅपटॉपवरही मस्त पळणारा एक्सएफसीई डेस्कटॉप घेऊ. पॅनेलवरच्या घड्याळावर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज. डिजिटल, अॅनालॉग, एलसीडी, आणि गीक मंडळींसाठी चक्क बायनरी! सगळ्यात गोड आहे ते ‘फझी’. हे मिनिटं मोजत नाही, अंदाजे वेळ सांगतं. आपल्या आजीचा फंडा हाच की! ‘सव्वापाच होत आले, चहा टाक.’

वेळ आपल्या पद्धतीनं हवी? कस्टम फॉरमॅट निवडा. टक्क्याचं चिन्ह आणि लगेच कॅपिटल ए दिलं, की पूर्ण वार येतो. टक्का आणि स्मॉल डी म्हणजे तारीख, टक्का आणि कॅपिटल बी म्हणजे महिना. तासासाठी कॅपिटल एच (२४ तासांचा) किंवा कॅपिटल आय (१२ तासांचा), मिनिटांसाठी कॅपिटल एम. सिस्टिममध्ये वेळेची भाषा मराठी केली की ‘ट्यूसडे’चा ‘मंगळवार’ होतो. लिनक्स मिंटमध्ये मेनूची भाषा आणि वेळेची भाषा वेगवेगळी ठेवता येते. त्यामुळे मेनू खुशाल इंग्रजीत राहू द्या.

आता टाइमझोन. यादीत नगर शोधाल तर सापडणार नाही. पुणे नाही, मुंबईही नाही! अख्ख्या देशासाठी एकच नोंद, आशिया/कोलकाता. पण या नोंदीत नगरचा एक भन्नाट किस्सा लपलाय. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारताची प्रमाणवेळ तासभर पुढे होती. म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे. आणि १९४४मध्ये आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असलेले नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. तेव्हाचा तो जादा तास तुमच्या लॅपटॉपला आजही पाठ आहे!

हीच हुशारी तुमच्या कामाची आहे. पॅनेलवर दुसरं घड्याळ जोडा आणि त्याला अमेरिका/न्यूयॉर्क हा टाइमझोन द्या. तोंडी हिशेब इथं दगा देतो. तिथं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपण मात्र जिथल्या तिथे. म्हणून न्यूयॉर्कच्या सकाळी दहाची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते आणि हिवाळ्यात रात्री साडेआठला. शहराचं नाव दिलंत तर लिनक्स हा बदल स्वतःच सांभाळतो.

पण खरी गंमत वेगळीच. दोन्ही घड्याळं शेजारी आली की एक गोष्ट रोज डोळ्यांपुढे येते. क्लायंटचा दिवस सुरू होतो तेव्हा तुमचा संपत आलेला असतो. तिकडून ‘जस्ट एक छोटंसं काम’ येतं तेव्हा तिथं सकाळचे साडेअकरा असतात, आणि इथं आई ताट वाढून थांबलेली. एकच घड्याळ, तेही क्लायंटच्या वेळेवर लावलेलं असेल, तर हे ताट दिसतच नाही. शिफ्ट आपोआप लांबते आणि आपल्याला वाटतं, अजून तर दुपारच आहे!

म्हणून सेटिंग असं करा. स्वतःचं घड्याळ मोठं, मराठीत, वारासकट. क्लायंटचं त्याच्या बाजूला, बारीक अक्षरात. काम त्यांचं असेल बॉस, पण संध्याकाळ आपली आहे!

झटपट टिप: भाषा बदलल्यावर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा. नाहीतर ‘मंगळवार’ची वाट बघत बसाल!