विज्ञान आणि जीवन : मंद तेजाचा शोध

दिवसा आकाशात तारे नसतात असे नव्हे. सूर्याच्या तेजापुढे ते दिसत नाहीत, इतकेच. क्षीण प्रकाश पाहावयाचा, तर त्याला झाकून टाकणारे सारे आधी दूर सारावे लागते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून आज हाच उद्योग मोठ्या चिकाटीने चालला आहे.

काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश टाकला असता ते निराळ्याच रंगाने उजळतात. क्विनीनचे पाण्यासारखे स्वच्छ द्रावण अतिनील किरणांत धरले, की निळसर झळकू लागते. आपल्या चलनी नोटांवरील क्रमांकही अतिनील दिव्याखाली असेच चमकतात. या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली दाखवून दिले, की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशाहून अधिक असते. दोहोंचे रंग भिन्न असल्यामुळे योग्य काच मध्ये धरून दिव्याचा उजेड अडविता येतो आणि पदार्थाचे तेज तेवढे पुढे जाऊ देता येते.

पेशीतील एखाद्या घटकास असे चमकणारे द्रव्य जोडले, की सूक्ष्मदर्शकातून त्याचा माग काढता येतो. परंतु हे तेज फारच अल्प असते. मग दिवा अधिक प्रखर का करू नये, असे वाचक विचारतील. अडचण अशी, की प्रखर उजेडाने ते द्रव्य लवकर निस्तेज होते आणि जिवंत पेशीसही इजा पोहोचते. पाहण्याच्या खटाटोपात पाहावयाची वस्तूच नष्ट व्हावयाची! म्हणून दिवा मंदच ठेवून कॅमेऱ्याचा डोळा तीक्ष्ण करणे, हाच खरा मार्ग होय.

हा डोळा म्हणजे सिलिकॉनची चकती. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी असतात. अंगणात पावसाखाली मांडलेल्या वाट्यांप्रमाणे त्या प्रकाशकण झेलतात. प्रकाशकण शोषला गेला, की एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि वाटीत साचलेल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी करून चित्र तयार होते. या मोजणीत तीन प्रकारचा गोंगाट शिरतो. पहिला उष्णतेचा. उजेड नसतानाही उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉन सुटतात. जणू झाकलेल्या वाटीतही थेंब पडावेत. त्यावर उपाय म्हणून चकती शून्याखाली कित्येक अंश थंड ठेवतात, आणि तिच्यावर दहिवर साचू नये म्हणून ती निर्वात पेटीत बसवितात. दुसरा गोंगाट मोजणीच्याच वेळी होतो. यंत्राचा हात थोडा हलतो म्हणा. तिसरा निसर्गाचाच आहे. प्रकाशकण पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमित येतात. सरासरी १०० कण येत असले, तर दर वेळी सुमारे १० कमी-अधिक भरतात. ९ येत असले, तर ३. यावर एकच तोड आहे : आलेला कण शक्यतो वाया जाऊ द्यावयाचा नाही. उत्तम चकत्या आज शंभरातील नव्वदांहून अधिक कण टिपतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली सीसीडी या चकतीची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे मोजणीपूर्वीच इलेक्ट्रॉनांची संख्या अनेक पटींनी वाढविणाऱ्या चकत्या निघाल्या. आता सीमॉस जातीच्या निवडक चकत्यांत मोजणीचा गोंगाट एक-दोन इलेक्ट्रॉनांवर, काहींत त्याहूनही खाली, आला आहे.

प्रतिदीप्ती मोजण्याचा लाभ आपल्या दवाखान्यांपर्यंतही पोहोचला आहे. गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र थुंकीतील क्षयजंतूंच्या जनुकद्रव्याच्या प्रती वाढवीत जाते. त्यात चित्र उमटत नाही. प्रतींबरोबर वाढणारे तेज तेवढे मोजले जाते. मूळच्या मंद उजेडावर ही वाढ स्पष्ट उठून दिसली, की क्षयाचे निदान होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या चाचणीची शिफारस केली.

क्षयरोग्याच्या दृष्टीने याचे मोल सांगावयास नको. निदान लवकर झाले, तर उपचार लवकर सुरू होतात आणि घरातील इतरांस होणारा संसर्ग टळण्याची आशा वाढते. यंत्राच्या गोंगाटात हरवू पाहणारे चिमूटभर तेज नेमके ओळखता येणे, हे म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचे कौतुक राहिलेले नाही.