जेवण झालं, आता बसा!

स्पेनला शिकायला जातेय म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, 'तिथे दुपारी सगळे झोपतात ना गं?' सलामान्कात येऊन आठ महिने झाले. आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी झोपणारं अजून कुणी सापडलेलं नाही. छोटी दुकानं मात्र दोन ते पाच खुशाल बंद! (पुणेकराला त्याचं काय कौतुक म्हणा.) मग ही जनता त्या वेळात करते काय? तर जेवते. आणि जेवून झालं की बसते.

या बसण्याला स्पॅनिशमध्ये चक्क वेगळा शब्द आहे, सोब्रेमेसा. ताटं रिकामी झालीत, कॉफी आलीय, पण उठायचं नाव कुणी घेत नाही. तासभर तर कुठेच गेला नाही. रविवारी पार संध्याकाळ होते. हॉटेलातही तोच फंडा. आपल्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेसकट बिल हजर होतं. इथे मागितल्याशिवाय वेटर बिल आणतच नाही.

आता हिंजवडीतली नोकरी सोडून, एज्युकेशन लोन काढून मास्टर्सला आलेल्या मुलीला हे परवडायचं कसं? मी सुरुवातीला प्रत्येक युरोला शंभराने गुणायचे आणि प्रत्येक तासाचा हिशेब मांडायचे. साडेबाराला कुकरचा वरणभात, समोर लॅपटॉप, पंधरा मिनिटांत खेळ खल्लास. थोडक्यात, क्युबिकलमध्ये जेवायचे तसंच. फ्लॅटमेट्स अडीचला यायचे तेव्हा माझं ताट धुऊन झालेलं असायचं.

जेवणाच्या या वेळांची गंमत नंतर कळली. सलामान्कात कुणालाही भेटायचं तर ठिकाण ठरलेलं, प्लाझा मायोरमधल्या घड्याळाखाली. आणि ते घड्याळच मुळात पुढे आहे! नकाशा काढून बघा, हे शहर ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे. म्हणजे वेळ लंडनची हवी. पण १९४० साली फ्रँकोच्या सरकारने देशाची घड्याळं एक तास पुढे सरकवून जर्मनीच्या वेळेला आणली. महायुद्ध संपलं, १९७५ मध्ये फ्रँकोही गेला, घड्याळ काही मागे आलं नाही. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी आठला अंधार असतो, आणि दुपारचे दोन म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जेमतेम साडेबारा. लोक वेळेवरच जेवतात हो, काटे तेवढे पुढे आहेत!

डिसेंबरात थंडी जाम वाढली, एकटीने जेवायचा कंटाळा आला आणि मीही अडीचला टेबलावर बसायला लागले. सेव्हियाची एक, गॅलिसियाचा एक, एक इटालियन आणि मी. माझ्याकडे स्पॅनिशची सर्टिफिकेट्स होती, पण या टेबलावर त्यांना कुणी विचारेना. चौघांत तिघं एकदम बोलतात. मी वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला. बटाट्याच्या तोर्तियात कांदा हवा की नको, यावर दोघांची अशी जुंपते की आपली पुणेरी-कोल्हापुरी मिसळ बरी!

फेब्रुवारीतली एक दुपार, तीन वाजलेले. घरी साडेसात. आईचा फोन आला, बाबांना अॅडमिट केलंय, अँजिओप्लास्टी करतायत. मला माद्रिदला पोहोचायलाच बसने अडीच तास, पुढे विमान. काही केलं तरी त्या रात्री मी तिथे असणार नव्हते. फोन ठेवून मी परत खुर्चीत बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

कुणीही 'सगळं ठीक होईल' म्हणालं नाही. इटालियन मुलगी कॉफी करत राहिली. गॅलिसियावाला आजोबांच्या गाईंचे किस्से सांगत बसला. सेव्हियावालीचं चारला लेक्चर होतं, ती जागची हलली नाही. मग मी बोलायला लागले. बाबांची स्कूटर, त्यांचं चोरून वडापाव खाणं, असं काहीबाही. सव्वासहाला फोन वाजला. बाबांना बाहेर आणलं होतं, ते बोललेही. 'जेवलीस का?' असं विचारलं म्हणे. तेव्हा लक्षात आलं, मी तीन तास स्पॅनिश बोलत होते आणि एकदाही मनातल्या मनात मराठीतून भाषांतर केलं नव्हतं.

आता आईचा फोन रोज रात्री आठला येतो. इथे साडेचार. 'अजून टेबलावरच?' ती वैतागते. मागून बाबांचा आवाज येतो, 'बसू दे गं तिला.'

लोन फिटायचंय, थिसिस लिहायचाय, पुढे नोकरी मिळेल की नाही माहीत नाही. तरी दुपारचा हा दीड तास मी आता कुठल्याच हिशेबात धरत नाही.

तुमचं काय? आज लंचला मॉनिटर बंद करा. डबा संपल्यावर दहाच मिनिटं जास्त बसा. शेजारच्या डेस्कवाल्याला त्याच्या घरच्यांबद्दल विचारा. बॉसने डोळे वटारले तर बेधडक सांगा, स्पॅनिशचा क्लास चाललाय!