एका तारेवरची रांग

दोस्तांनो, तुमचे बाबा किंवा काका भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत कामाला असतील, तर त्यांना विचारा, "सीएनसी मशीनला प्रोग्रॅम कसा देता?" नव्या मशीनला पेन ड्राइव्ह चालतो. जुन्या मशीनला मात्र कॉम्प्युटरपासून आरएस-२३२ नावाची केबल जोडतात. तिच्यात एका दिशेला डेटा जायला एकच तार! म्हणजे सगळे बिट (० आणि १) रेशनच्या रांगेसारखे एकामागून एक. हीच सीरियल पद्धत.

रांगेतला पहिला कोण, हे कसं कळायचं? तार रिकामी असताना तिच्यावर कायम १ असतो. ० आला, की अक्षर सुरू झालं समजायचं. मग आठ बिट, आणि शेवटी परत १. आठ बिटांच्या अक्षराला दहा बिट खर्च!

वेगही आधी ठरलेला हवा. तुम्ही समोरच्या गच्चीवरच्या मित्राला टॉर्चने खुणा करताय, तुमची खूण एका सेकंदाची आणि तो मोजतोय दोन-दोन सेकंदांनी. काय कळणार त्याला? कप्पाळ! मशीनचंही तसंच. वेग जुळला नाही तर प्रोग्रॅमचा नुसता काला होतो.

आता रेडिओकडे वळू. सॉफ्टवेअर रेडिओ म्हणून पेन ड्राइव्हएवढी डबी मिळते. ती लहरींची उंची मोजून नुसते आकडे देते. त्यातून स्टेशन शोधायचं काम प्रोग्रॅमचं. सेकंदाला २४ लाख मोजण्या, प्रत्येकीचे दोन बाइट, म्हणजे ४८ लाख बाइट. आपली सीरियल तार सेकंदाला १,१५,२०० बिट नेते असं धरू. दहाने भागा : ११,५२० बाइट. म्हणजे एका सेकंदाचा रेडिओ पाठवायला जवळजवळ सात मिनिटं! म्हणून ही डबी यूएसबीला लावतात. (त्यातला 'एस'सुद्धा सीरियलचाच बरं का, फक्त वेग कितीतरी जास्त.) नाहीतर रेडिओच्या बोर्डानेच हिशेब करायचा आणि तारेवर फक्त उत्तर पाठवायचं. मला विचाराल तर खरी हुशारी यातच आहे.

हेच काम प्रचंड प्रमाणावर चाललेलं पाहायचं, तर चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावला जा. जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! त्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरवरून एका इमारतीत येतात, तिथे त्यांचे आकडे होतात आणि कॉम्प्युटर ते एकत्र करतात.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण सूर खोडदला पकडला गेला. त्यातले बिट वाचण्याइतका तो मोठा नव्हता. पण पॅराशूट उघडलं, वेग बदलला, तसा सूर सरकला, हे पडद्यावर दिसलं. आणि उतरण्याच्या जरा आधी सूर बंद!

झालं काय होतं? बिट मंगळाभोवतीच्या मातृयानाने टिपून ठेवले होते. पृथ्वीवर ते वाचल्यावर उलगडा झाला. गिरकी मोजणारं यंत्र सुमारे एक सेकंद कमाल आकड्यावर अडकलं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या हिशेबात यानाची उंची शून्याच्याही खाली गेली. आपण पोचलोच असं समजून त्याने पॅराशूट सोडलं आणि इंजिनं तीन सेकंदांत बंद केली. तेव्हा जमीन ३.७ किलोमीटर खाली होती.