पोरांच्या मनातला पूर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटली; जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाववर दरडी कोसळल्या. पाणी ओसरलं, पण पोरांच्या मनातलं ओसरलं का? पावसाची झड लागली की एखाद्याचं पोट दुखतं, झोप उडते. त्याला भित्रा म्हणू नका. थोरांनाही तीच धास्ती असते. ती लपवली तरी पोरांना कळते. नदीकाठी असाल तर सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे त्याला समजावा. जनावरं कधी हलवायची, कुठं जायचं, सगळ्या घरानं मिळून ठरवा. दप्तर, कागदपत्रं बांधायचं काम त्याच्याकडं द्या. हाताला काम असलं की भीती आवरते. तरीही झोप येईना, तर १४४१६ या मोफत सरकारी फोनवर बोला. त्यात कमीपणा कसला?