‘निशांत’ पुन्हा पाहताना

सप्टेंबरची १७ तारीख आली की मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचे बिदर व कलबुर्गी हे सीमावर्ती जिल्हे निजामी राजवटीच्या १९४८ मधील अखेरीचे स्मरण करतात. अलीकडे या स्मरणात चित्रपटांचीही भर पडली आहे. मार्च २०२४ मध्ये झळकलेल्या ‘रझाकार’ या तेलुगू चित्रपटावर, हा दडपलेला इतिहास की एका धर्माविरुद्धचा प्रचार, असा वाद माजला होता. अत्याचार झालेच नाहीत असे कोणी म्हणू नये. बसवकल्याण तालुक्यातील गोर्टा गावाने मे १९४८ मध्ये रझाकारांच्या हत्याकांडात जे भोगले, ते विसरण्याजोगे नाही. परंतु निजामी अमलातील जुलमावर जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी निघालेला एक चित्रपट याहून अधिक अस्वस्थ करतो; कारण तो प्रेक्षकाला निर्दोष ठरवून घरी पाठवत नाही.

तो चित्रपट म्हणजे १९७५ सालचा ‘निशांत’. दिग्दर्शक श्याम बेनेगल हे सिकंदराबादेत वाढलेले, कोकणीभाषक सारस्वत घराण्यातले. पटकथा विजय तेंडुलकरांची. म्हणजे हे दुखणे परक्याने येऊन उकरून काढलेले नव्हे. १९४५ सालचे संस्थानी खेडे. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराची पत्नी भर गावात पळवून नेतात आणि गाव दारे लावून घेते. मास्तर पोलिसांकडे जातो, वकिलाकडे जातो, कलेक्टरापर्यंत पोहोचतो. कोठेच दाद लागत नाही. हा जमीनदार रझाकार नव्हे. तो हिंदू आहे, आणि देवाचे दागिने चोरणारे हातही त्याच्याच घरचे आहेत. निजामाची गादी केवळ धर्मबांधवांच्या बळावर उभी नव्हती; तिच्या पायाशी सर्व धर्मांचे जहागीरदार आणि देशमुख होते, हे सत्य उत्सवी भाषणांत सहसा ऐकू येत नाही.

पण खरा घाव शेवटी आहे. पुजारी आणि मास्तर गावाला जागे करतात, जमाव वाड्यावर चालून जातो, आणि मग अपराधी कोण व पीडित कोण हे कोणी पाहत नाही. घरात अन्याय सोसणारी सून रुक्मिणी मारली जाते. जिच्यासाठी उठाव झाला ती सुशीलाही वाचत नाही. ‘हे कशाला दाखवायचे?’ हा असल्या चित्रपटांवरचा नेहमीचा आक्षेप येथेच उपस्थित होतो. पददलितांच्या उठावाला काळिमा लागतो, असेही म्हणता येईल, आणि तो मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर चित्रपटात शोधण्यापेक्षा या सीमाभागाच्या इतिहासात शोधावे.

पोलिस कारवाईनंतर पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे पथक संस्थानात पाठवले. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा या पथकाचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे त्याने नोंदवले: उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा. बळी मुख्यतः मुसलमान होते, आणि त्यांत रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेले असंख्य होते. हा अहवाल कित्येक दशके बंद कपाटात राहिला. त्यातच अशीही नोंद आहे की हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना, प्रसंगी स्वतःचे प्राण देऊन, वाचवले. या विणकरांवर चित्रपट काढावा असे मात्र अद्याप कोणाला वाटलेले दिसत नाही.

गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणारा गोमंतकीय याच मुलखातून जातो. भालकी, औराद, आळंद या तालुक्यांत त्याला मराठी बोलणारी माणसे भेटतात. त्यांच्या घराघरांत गोर्ट्याची आठवण आहे, आणि त्या सप्टेंबरचीही आहे. पहिली मोठ्याने सांगतात, दुसरी दबक्या आवाजात. ‘रझाकार’वर बंदी घालावी, या मताचे आम्ही नाही. तो ज्याला पाहायचा त्याने जरूर पाहावा. मात्र बिदर आणि कलबुर्गीच्या महाविद्यालयांनी आणि आपल्याकडील चित्रपट मंडळांनी येत्या १७ सप्टेंबरला ‘निशांत’ही लावावा, आणि तो संपल्यावर दिवे लागताच सभागृह रिकामे होऊ न देता तासभर चर्चा ठेवावी. त्या चर्चेत गोर्ट्याचा माणूस असावा, आणि त्या सप्टेंबरात ज्यांचे बाप-आजे गेले त्या कुटुंबातलाही एक असावा.