माळ्यावरचा डबा खाली काढा

मे महिना लागला की मुलांच्या आजोळी जाण्याच्या बॅगा भरतात आणि त्यांत टॅबचा चार्जर सगळ्यांत आधी जातो. मुलं तिथे कंटाळतील, ही आईबाबांची धास्ती. खरं तर त्यांना रमवणारं सामान आजोळी आधीपासूनच असतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. ते खाली काढायला कुणाला सवड नसते, एवढंच.

डबा उघडला की पितळेची भातुकली निघते. चूल, जातं, पाटा-वरवंटा, सोऱ्या, घंगाळ आणि बोटभर उंचीचा बंब. आजच्या सातआठ वर्षांच्या मुलीने खरा बंब पाहिलेला नसतो. ती विचारते, ‘‘आजी, हे काय गं?’’ मग मधल्या नळीत विस्तव कसा घालायचा, भोवतालचं पाणी कसं तापायचं, तोटीखाली बादली ठेवून अंघोळीसाठी भावंडांचा नंबर कसा लागायचा, हे सगळं आजी सांगू लागते. एरवी मुद्दाम बसून ती हे सांगणार नाही आणि नातही ऐकणार नाही.

सागरगोट्यांचंही तसंच. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. वाचायला सोपं वाटतं, पण हात बसायला सुट्टी सरते. गुडघे दुखतात म्हणणारी आजी खुर्चीवरून चार झेल असे घेते की नातवंडं बघत राहतात. हाच सागरगोटा फरशीवर खसाखसा घासला की चांगलाच तापतो. तो हळूच भावाच्या दंडाला टेकवण्याची खोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. (घरात अगदी तान्हं, सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर सागरगोटे उंचावर ठेवावेत.)

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी खेळणी जपलेली आहेत. कवी अज्ञातवासी म्हणजेच काका केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या स्मरणार्थ हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो राज्य शासनाच्या हवाली केला. संग्रहालयातली खेळणी काचेआडच शोभतात. घरातली मात्र शोकेसमध्ये ठेवू नयेत. ‘हात लावू नकोस, पणजीची आठवण आहे’ असं बजावलं की मूल त्या वस्तूपासून कायमचं तुटतं. एखादी तोटी निखळली तर निखळू द्यावी.

खरा धोका वेगळाच आहे. जुनी घरं पाडली जात आहेत, इमारती पुनर्विकासाला जात आहेत. सामान आवरण्याच्या घाईत भातुकली किलोच्या भावाने मोडीत निघते आणि सागरगोटे कचऱ्यात जातात. हातात चार पैसे येतात, पण नातवंडांचं जे जातं ते त्या पैशांत परत मिळत नाही.

ज्यांच्याकडे असा डबा उरलेला नाही, त्यांना सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी भातुकली आणि रंगीत लाकडी फळं आजही मिळतात. आजीआजोबांनी नातवंडांसाठी रिमोटची गाडी घेण्याआधी तिकडे जरूर बघावं.

आणि डबा असेल, तर या सुट्टीत तो खाली काढाच. भांडी चिंचेने घासायचं काम मुलांनाच द्या, सोबत वाटीभर चुरमुरे, दाणे आणि गुळाचा खडा द्या. मग दुपारभर त्यांना हाक मारू नका.